तीन खोकले

पेरीतिओस महिना, २५ तारीख, सोमवार. उपवासाचा पहिला दिवस.

टाळ्या! पुन्हा टाळ्या!

स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं त्यांना — हे देवाचं घर आहे, रंगशाळा नाही. इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. वाक्य संपलं आणि त्या वाक्यावरच टाळ्या पडल्या! पुढे उभा असलेला तो जाडा चामड्याचा व्यापारी तर रुमाल फडकवायला लागला. या अंत्युखियाच्या लोकांना दोनच गोष्टी येतात — खाणं आणि टाळ्या पिटणं. आजपासून उपवास लागलाय, म्हणजे एकच उरली.

विषय घेतला रंगशाळेचा. उपवासाचे सगळे आठवडे हाच विषय घेणार आहे. बिशप म्हणाले, "थेओतिम, जरा बेताने घे. लोक यायचे बंद होतील." बिशप माणूस भला, पण उकडलेल्या बीटासारखा मऊ. मी म्हटलं, लोक माझ्याकडे शिव्या खायलाच येतात. गोड बोलायला यांच्याकडे मिठाईवाले आहेत.

टाळ्या एकूण अकरा वेळा. मोजत नव्हतो. कानांवर पडतात, त्याला मी काय करणार!

पेरीतिओस २७, बुधवार.

नऊ वेळा. पाऊस होता.

दीस्त्रोस १, शुक्रवार.

आज स्तोत्र चालू असताना कान टवकारले. चाल ओळखीची वाटली. कुठली? रंगशाळेतली! तो दारुडा नवरा कपाटात लपतो त्या सोंगातली. आमच्या बाया दाविदाचं स्तोत्र त्या चालीवर म्हणत होत्या — आणि डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने! मधेच थांबवलं. "ही चाल कुठली आहे, माहीत आहे का?" मग एक म्हातारी म्हणाली, "माहीत आहे की बाबा. म्हणून तर पाठ झालं."

आणि फुटाणे. चर्चच्या फरशीवर फुटाण्यांची सालं! रंगशाळेतून उठायचं, हातातला पुडा तसाच घेऊन इकडे यायचं, आणि प्रभूच्या यातना ऐकता ऐकता चघळत बसायचं. उपवासात! मी म्हटलं, फुटाणे खाणाऱ्याला स्वर्गाच्या दारातून आत घेणार नाहीत. टाळ्या.

ताईला हे सांगितलं. (माकारियाताई विधवा झाल्यापासून माझं घर बघते, आणि मलाही.) ती म्हणाली, "फुटाणे खाल्ले म्हणून नरकात टाकणारा देव मला तरी भेटलेला नाही." हिच्याशी कोण वाद घालणार!

दीस्त्रोस ६, बुधवार.

ताई गावच्या स्नानगृहातून आली ती तोंड लपवत. मी विचारलं, काय झालं?

"सांगू? रागावशील."

"सांग."

"तुझं सोंग काढतायत रे रंगशाळेत."

कोणी रोदोक्लिया म्हणून बाई आहे. गेली वीस वर्षं सोंगं करते. आई सोंगाडी, आजी सोंगाडी, तीन पिढ्यांचा चिखल. ती म्हणे खोटी दाढी लावते, उलट्या टोपलीवर उभी राहते, उजवा हात वर करते — आणि तीनदा खोकते. बस्स. तोंडातून शब्द निघायच्या आधीच लोक हसून आडवे होतात.

मी म्हटलं, "मी तीनदा खोकत नाही!"

"खोकतोस. चांगलं वाक्य यायचं असलं की त्याच्या आधी. लहानपणी आईकडे मध मागायच्या आधीही असाच खोकायचास."

मग स्वतःच हसायला लागली. सख्खी बहीण!

बायका दाढी लावतात, पुरुष स्तन बांधतात, आणि गावचे शहाणेसुरते लोक त्यांच्यासाठी पहाटेपासून जागा धरून बसतात. यांच्यापेक्षा त्यांच्या खेचरांना जास्त लाज असेल.

दीस्त्रोस ७, गुरुवार.

आज न खोकता बोलायचं ठरवलं होतं. अर्धा तास जमलं. मग ते वाक्य आलं — "रंगशाळेत तुम्ही दुसऱ्याच्या पापाला हसता आणि स्वतःचं घरी घेऊन जाता" — आणि घशात काहीतरी अडकलं. खोकलो. तीनदाच!

स्त्रियांच्या बाजूने फिसकन हसण्याचा आवाज आला. चामड्याच्या व्यापाऱ्याने रुमाल तोंडात कोंबला. म्हणजे हा पाहून आलाय! काल सकाळी माझ्यासमोर छाती पिटून रडत होता, आणि दुपारी तिकडे!

टाळ्या सहा वेळा. त्यातल्या किती माझ्या आणि किती तिच्या, कोणास ठाऊक.

दीस्त्रोस १२, मंगळवार.

बाप्तिस्म्याच्या उमेदवारांचा वर्ग. अठ्ठेचाळीस जण, त्यांतले चाळीस घोरत होते. मागे माल्खोस येऊन बसतो. त्याचा बाप्तिस्मा होऊन तीस वर्षं झाली, तरी म्हातारा दर वर्षी येतो. ऐकायला बरं वाटतं म्हणे. पोटासाठी करतो काय, तर रंगशाळेचा मंच झाडतो! मी सगळ्यांदेखत झापलं. "लाज नाही वाटत? बाप्तिस्मा झालेला माणूस तू!"

"तीस वर्षं झाडतोय, पाद्रीबाबा. एकदाही मान वर करून बघितलं नाही."

"मग इतकं हसू कसलं येतं तुला?"

"कान आहेत ना."

सगळा वर्ग जागा झाला. पुढे त्यानेच विचारलं — माणूस मरायला टेकलाय, पाद्री जवळपास नाही, तर साध्या माणसाने पाणी ओतलं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं. बाप्तिस्मा झालेला कोणीही ओतू शकतो. पाणी ओतायचं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं. पण माणूस खरोखर मरत असला पाहिजे आणि त्याने स्वतः मागितलेला असला पाहिजे. माल्खोसने ते दोनदा म्हणून घेतलं, लहान मुलासारखं बोटांवर.

दीस्त्रोस १९, मंगळवार.

चर्च तुडुंब! बिशप खूष. "तुझ्या शब्दांचा परिणाम, थेओतिम."

घरी आल्यावर ताईने कारण सांगितलं. ती बाई आजारी आहे. चार दिवस खेळ बंद. लोकांना जायला दुसरी जागा नाही.

दीस्त्रोस २६, मंगळवार.

बिशपांनी बोलावलं. हातात अर्ज. रोदोक्लियाला बाप्तिस्मा हवाय! मरतेय म्हणे.

मी मोठ्याने हसलो. बिशप हसले नाहीत.

कायदा मला शिकवायला नको. सोंगाड्याच्या पोटी आलेला माणूस सोंगाडीच मरायचा, बादशहाचा हुकूमच आहे तसा. गावाची करमणूक बंद पडता कामा नये ना! सुटायला एकच फट ठेवलीय — मरणाच्या दारात बाप्तिस्मा मागायचा. मिळाला, आणि चुकूनमाकून माणूस जगला, तर त्याला पुन्हा मंचावर कोणी ओढू शकत नाही. जन्माची सुटका. मग काय, दर वर्षी दोन-तीन सोंगाड्यांना मरण येतंच! कोणी साबण चघळून फेस काढतो, कोणी डाळिंबाचा रस थुंकतो. बाप्तिस्मा झाला की तिसऱ्या दिवशी टुणकन उभे, आणि गावाबाहेर डाफ्नेच्या बागेत कोणा श्रीमंताच्या घरी सुखाने राहायला मोकळे. म्हणूनच कायद्यात पुढे लिहिलंय — आधी चर्चच्या माणसाने आणि नगरवैद्याने जाऊन बघायचं, मरण खरं आहे का.

"तू जा," बिशप म्हणाले. "तू हो म्हणालास तर रंगशाळेचा ठेकेदार चर्चवर संशय घेणार नाही. तुझं त्या लोकांवर किती प्रेम आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे." दारापर्यंत आले, आणि हळूच म्हणाले, "नीट बघ हं, थेओतिम."

नीटच बघणार आहे!

दीस्त्रोस २७, बुधवार.

सविस्तर लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर लक्षात असावं.

खोली रंगशाळेच्या मागच्या उतारावर, नदीकडच्या बाजूला. खुंट्यांवर मुखवटे, टोप, एक गाढवाचं डोकं. आणि एका खुंटीवर दाढी. माझी! दारात माल्खोस बसलेला. म्हणजे हाही यातलाच. त्या दिवशी वर्गात तो प्रश्न कशाला विचारला, ते आता कळलं.

बाई चाळिशीची. रंग नसला की ही माणसं पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसतात. मला बघून उठायला गेली. नगरवैद्याने झोपवली.

"पाद्रीबाबा, स्वतः आलात! मी एवढे दिवस तुम्हाला अंगावर घालून हिंडले, पण इतक्या जवळून आज बघते."

मी म्हटलं, थट्टा नको. बाप्तिस्मा कशाला हवा?

"मरायची भीती वाटते म्हणून."

"भीती आजच वाटायला लागली?"

"तुम्हीच घातलीत की. तुमचा खोकला शिकायला आले होते मी चर्चमध्ये. डोक्यावरून पदर ओढून, स्त्रियांच्या बाजूला, खांबाआड. पहिल्या दिवशी खोकला बघितला. दुसऱ्या दिवशी हात बघितला. चौथ्या दिवशी घरी आले आणि लक्षात आलं, खोकला बघायचा राहूनच गेला. नुसतं ऐकतच बसले होते."

खरं सांगायचं तर छातीत काहीतरी गोड हललं. आणि तिथेच सावध झालो. मला नेमकं काय ऐकायला आवडेल हे जिला ठाऊक आहे, तिच्या तोंडून ते ऐकायचं म्हणजे! हाच तर त्यांचा धंदा — समोरच्याला काय हवं ते ओळखायचं आणि वाढायचं.

म्हटलं, विश्वासाची कबुली म्हण. तिने म्हटली. एकही शब्द चुकला नाही, पण आवाज? आवाज माझा! माझे चढउतार, माझे थांबे. "अशी का म्हणतेस?" विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडूनच ऐकली ना. दुसऱ्या कोणाच्या आवाजात मला येतच नाही."

आणि मग ती खोकली.

एक, दोन, तीन. मधे तेवढंच अंतर. शेवटचा जरा लांब. माझाच खोकला, माझ्या तोंडावर! मला कानफटात बसल्यासारखं झालं. मी ओरडलो, "बंद कर हे सोंग!"

तिने तोंडावरचं फडकं काढलं. त्यावर लाल होतं. डाळिंब महिनाभर ठेवलं तरी टिकतं, हे मलाही ठाऊक आहे.

"सोंग नाही, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "हा माझा स्वतःचा आहे. तुमचा थोडा कोरडा असतो."

मरणारा माणूस असं बोलतो? मी शेकडो मरणं पाहिली आहेत. मरणारा माणूस विनोद करत नाही.

बाहेर आल्यावर नगरवैद्य म्हणाला, नाडी फार बारीक लागते, डाव्या छातीत पाणी वाजतं, महिना काढणार नाही. मी विचारलं, छातीवर हात ठेवून सांगता का? तो घुटमळला. "या लोकांचं काही सांगता येत नाही. श्वास कोंडून नाडी मंद करणारे आहेत त्यांच्यात. आपण म्हणाल तसं." पगारी माणूस! मी लिहिलं — 'मरणाचं लक्षण नाही. सोंग आहे.' खाली सही. त्यानेही केली.

माल्खोस उतारावरून माझ्यामागे धावत आला. नुसता हात जोडून उभा राहिला. मी वळून चालू लागलो.

घरी येऊन पाणी प्यायलो.

दीस्त्रोस ३१, रविवार.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा!

सगळी हकीकत व्यासपीठावरून सांगितली. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. "हे लोक हसण्याचं सोंग करतात, रडण्याचं करतात, लग्नाचं करतात. बंधूंनो, आता यांनी मरणाचंही सोंग केलं! देवालाही प्रेक्षक समजतात हे!"

छतावरची कबुतरं उडाली, अशा टाळ्या. मी हात वर करून थांबवत होतो, पण थांबतायत कसल्या! जाडा व्यापारी रडत होता. मी मनात म्हटलं, हिला टोपलीवर उभं राहून हे जमेल? नुसता खोकला उचलता येतो, बाई. हे नाही उचलता येत.

मोजलं नाही. मोजण्यापलीकडचं होतं.

ताई जेवताना एवढंच म्हणाली, "आणि खरंच मरत असली तर?"

मी मसूर परत लावायला सांगितले. खाली लागले होते.

क्सान्थिकोस ३, बुधवार.

घ्या! चौकातल्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत — 'शनिवारी रोदोक्लिया. पुन्हा पाद्री.'

आठवडाभरापूर्वी मरणारी बाई! मी बिशपांना हात धरून नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "स्वतःहून येतेय का?"

ठेकेदाराने माझ्या सहीचा कागद दाखवून तिला उभी केलीय, असं ताईचं म्हणणं. काल तालमीला तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेली म्हणे. नेतील नाही तर काय! नट्या पालखीशिवाय हलतात कधी?

कोणीतरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. ती दोन पायांवर धड उभी राहते, एवढं एकदा दिसलं की सगळ्यांची तोंडं बंद. पण जाणार कोण? पाद्र्याने त्या दारातून पाऊल टाकलं तर अंगावरची वस्त्रं जातील. मीच गेल्या वर्षी एकाची घालवली होती.

क्सान्थिकोस ६, शनिवार.

डोकं दुखत होतं. दिवसभर घरीच पडून. ताई हुतात्म्यांच्या कबरींवर गेली होती.

क्सान्थिकोस ७, रविवार.

मेली. मंचावरच.

गावभर तेच चाललंय. टोपलीवर चढली, हात वर केला, खोकली, आणि खाली कोसळली. आणि त्या जनावरांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या! बाई समोर तोंडातून रक्त टाकतेय आणि हे टाळ्या वाजवतायत! दाढी एका कानावरून सुटून लोंबत होती. एक हात तसाच वर राहिला होता, कोपर टोपलीला टेकून. त्या हातालाही हसले. सहा आठवडे मी घसा फोडून काय सांगत होतो? की हे डोळ्यांचं व्यसन माणसाला आंधळं करतं. घ्या आता, बघा! प्रत्येकाच्या हातात फुटाण्यांचा पुडा, आणि समोर मरण. एकालाही ओळखता आलं नाही.

थुंकावंसं वाटतं या गावावर.

आज मी बोललो नाही. बिशपांनी स्वतः प्रवचन केलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

क्सान्थिकोस ८, सोमवार.

ताईची कटकट. धुवायला माझा राखाडी टोपीचा अंगरखा काढला आणि घडीत फुटाण्यांची सालं सापडली. ओंजळ भरून समोर धरली. "हे काय?"

लेखनिक दोम्नोसने अंगरखा मागून नेला होता, असं सांगितलं.

"दोम्नोस तुझ्या खांद्याला लागतो. अंगरखा त्याच्या पायांत येईल."

मी म्हटलं, वर खोचून घेतला असेल. तिने सालं चुलीत टाकली.

क्सान्थिकोस १०, बुधवार.

माल्खोस आला होता. दारातच उभा राहिला, हातात रिकामा तांब्या. आत ये म्हटलं तर आला नाही.

रोदोक्लियासाठी चर्चमध्ये प्रार्थना होईल का, असं विचारायला आला होता. मी म्हटलं, बाप्तिस्मा न झालेल्यासाठी होत नाही. तुला माहीत आहे.

"माहीत आहे, पाद्रीबाबा. तुमच्याच वर्गात शिकलो."

तरी जाईना. म्हटलं, आणखी काय?

मग बोलायला लागला. मान खाली घालून, झाडताना घालतो तशी.

"ती शनिवारी सकाळी मला म्हणाली, माल्खोसकाका, आज मी काही उतरत नाही टोपलीवरून. तुम्ही बाजूला पाणी घेऊन उभे राहा. मी पडले की या. पाद्रीबाबा नाही म्हणाले तरी तुमचा हात चालतो ना? मी म्हटलं, चालतो. मी पाणी भरून पडद्याशी उभा होतो. नावं मनात म्हणत होतो, चुकायला नकोत म्हणून. जन्मात पहिल्यांदा मान वर करून मंचाकडे बघितलं."

"मग?"

"पडली ती. मी पाऊल उचललं. तेवढ्यात टाळी पडली."

मी त्याच्या तांब्याकडे बघत होतो.

"आमच्याकडे एक रीत आहे, पाद्रीबाबा. टाळ्या चालू असताना मंचावर बाहेरच्याने पाय टाकायचा नाही. टाळी पडली म्हणजे सोंग चालू आहे. तीस वर्षांची सवय. पाय जागीच थांबला माझा. वाटलं, अरे, म्हणजे हे सोंगच आहे, लोकांना कळलंय, मलाच म्हाताऱ्याला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी हसलो तिच्याकडे बघून! वाटलं, काय झकास पडलीस पोरी. टाळ्या थांबेपर्यंत थांबलो. मग गेलो. पाणी ओतलं, पण —"

तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"मेलेल्यावर ओतलेलं चालतं का?"

"नाही."

"नाहीच चालत," तो म्हणाला. "आधी कोणीच वाजवत नव्हतं, पाद्रीबाबा. सगळे गप्प झाले होते. खरंच गप्प झाले होते, मी सांगतो. मग वरच्या रांगेतून एकाने सुरुवात केली. एकट्याने. त्याचं ऐकून मग सगळ्यांनी."

गेला. रिकामा तांब्या दारातच विसरला.

क्सान्थिकोस १२, शुक्रवार.

प्रभूच्या मरणाचा दिवस. माझ्याकडे प्रवचन होतं. उभा राहिलो. खोकला आला. दाबला. पुन्हा आला. खाली उतरलो. कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत.

क्सान्थिकोस १३, शनिवार.

आज उमेदवारांचा बाप्तिस्मा. मला जमणार नाही, असं बिशपांना कळवलं. तांब्या अजून दारातच आहे. ताईही उचलत नाही.

या वहीत एक खोटं लिहिलं आहे. सहा तारखेला माझं डोकं दुखत नव्हतं.

राखाडी अंगरखा घालून, टोपी पुढे ओढून, मी वरच्या रांगेत बसलो होतो. ती खोकली. एक, दोन, तीन. मधे तेवढंच अंतर, शेवटचा जरा लांब. इतकं सुंदर केलं तिने, की माझं भानच राहिलं नाही.

पहिली टाळी माझी होती.